सहावी ओवी आणि सातवी ओवी

नाताळ जवळ आला की मंडळ्यांमधून (चर्चमधून) गोठा, मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांवरचे उपदेश सुरू होतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातले जखऱ्या आणि अलीशिबा, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आईवडील, मात्र घाईघाईत उरकले जातात. आज मला त्या दोघांपाशीच थांबायचंय. त्याला कारण आहे.

आमच्या लग्नाला १४ वर्षं झाली. मूल नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आमेन झाल्यावर हळूच म्हणाल्या, "बाळ, कुठंतरी विश्वास कमी पडतोय. नाहीतर एखादं कबूल न केलेलं पाप असेल. तपासून बघ." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढची दोन वर्षं मी स्वतःला तपासण्यातच घालवली. लहानपणी बोललेलं खोटंसुद्धा आठवून आठवून त्याची क्षमा मागितली. रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायचे, तोही सोडला. वाटायचं, जिच्यावर देव नाराज आहे तिनं काय शिकवायचं?

मग एका पहाटे लूक १ (पहिला अध्याय) वाचत होते. नेहमीचाच भाग. ओवी ६, म्हणजे सहावं वचन, सांगते की ती दोघंही देवाच्या दृष्टीनं नीतिमान होती, प्रभूच्या आज्ञा आणि विधी पाळण्यात निर्दोष होती. लगेच ओवी ७ सांगते, त्यांना मूल नव्हतं. त्याचं जे कारण लूक देतो ते निव्वळ शरीराचं आहे: अलीशिबा वांझ होती आणि आता दोघांचंही वय झालं होतं. त्यात पाप नाही, विश्वासातली उणीव नाही. निर्दोष असणं आणि रिकामी ओटी, दोन्ही एकाच घरात, शेजारी शेजारी. या दोन ओव्यांच्या मधे तिसरी ओवी आपण आपल्या पदरची घालतो. ती मूल नसलेल्यांनाच ऐकवतो असं नाही. आजारी माणसाला, नोकरी गेलेल्याला, ज्याचा मुलगा बिघडला त्यालाही ऐकवतो.

अलीशिबेनंही ती ऐकली असणार. गरोदर राहिल्यावर ती म्हणते की लोकांत होणारी माझी मानहानी प्रभूनं दूर केली. मानहानी होत होती ती लोकांत. देवाच्या दृष्टीत ती आधीपासूनच नीतिमान होती, हे लूकनं आपल्याला सुरुवातीलाच सांगून ठेवलंय.

आता विश्वासाचं बघू. याजकांचे, म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातल्या पुरोहितांचे, २४ वर्ग होते आणि जखऱ्या आठव्या, अबीयाच्या वर्गातला. प्रत्येक वर्गाची सेवेची पाळी वर्षातून दोनदा, आठवडाभर यायची. त्यातही पवित्रस्थानात जाऊन धूप जाळण्याचा मान चिठ्ठी टाकून ठरायचा. याजक इतके होते की ज्याला एकदा तो मान मिळाला त्याला पुन्हा मिळायचा नाही, असं मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, म्हटलंय. म्हणजे जखऱ्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा दिवस. बाहेर लोक प्रार्थना करतायत, आत धूपवेदीच्या उजव्या बाजूला गब्रीएल देवदूत उभा आहे आणि सांगतोय, तुझी विनंती ऐकली गेली आहे, तुला मुलगा होईल.

आणि जखऱ्याला ते खरं वाटत नाही! अब्राहाम आणि सारेला म्हातारपणी मूल झाल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेला हा म्हातारा याजक विचारतो, हे मी कशावरून समजू? मला वाटतं, ती विनंती करणं त्यानं कधीचंच सोडून दिलं असावं. फार वर्षं मागितलेली गोष्ट सोडून देणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. एक दिवस लक्षात येतं की गेले कित्येक महिने आपण ते नावच काढलेलं नाही.

त्याच्या अविश्वासाबद्दल त्याची वाचा गेली. ती शिक्षाच होती, ते मला सौम्य करून सांगायचं नाही. पण वचन मागं घेतलं गेलं नाही. "तू विश्वास ठेवला नाहीस, म्हणून मूल मिळणार नाही" असं गब्रीएल म्हणत नाही. ज्याचा विश्वास ऐन वेदीपाशी कमी पडला, त्याच्याच घरी योहान जन्मला. मग "तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून देवाचा हात अडलाय" हे आपण कुठल्या शास्त्राच्या आधारानं सांगतो?

अलीशिबेला मूल झालं म्हणून मलाही होईल, असं या अध्यायात कुठंही लिहिलेलं नाही, हेही सांगायला हवं. तसं सांगणाऱ्यांनीही मला दुखवलंय. योहान मिळाला तो देवाच्या योजनेतल्या एका कामासाठी, आणि पुढं हेरोद नावाच्या शासकाच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून ही गोष्ट वाचताच येत नाही.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते अलीशिबेचं घर. नवरा मुका. पुढं बाळाच्या आठव्या दिवशी नाव काय ठेवायचं, हे लोक त्याला खुणांनीच विचारतात, म्हणजे बहुतेक ऐकूही येत नसावं. त्या शांत घरात नासरेथहून येशूची आई मरीया येते. वाग्दान झालेली, अजून नांदायला न गेलेली, आणि गरोदर. अलीशिबा तिला एकही चौकशीचा प्रश्न विचारत नाही. तिच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो आशीर्वादाचा. वर्षानुवर्षं लोकांचे शब्द झेललेली बाईच दुसरीला असं दारात घेऊ शकते. मरीया तिथं सुमारे ३ महिने राहिली. अशी किती घरं आपल्या मंडळीत आहेत?

नाव ठेवण्याचा प्रसंग तर मुलांना फार आवडतो. शेजारीपाजारी आणि नातलग बाळाचं नाव परस्पर ठरवायला निघालेत, आई नाही म्हणते, तर तिचं कुणी ऐकत नाही. शेवटी जखऱ्या पाटी मागतो आणि लिहितो, "ह्याचं नाव योहान आहे." ठेवा, असं नाही, आहे. त्या नावाचा अर्थ होतो, परमेश्वर कृपाळू आहे. आणि तोंड उघडल्यावर एवढ्या महिन्यांची एकही तक्रार नाही, थेट देवाची स्तुती.

पण हे सगळं घडण्याआधीची ओवी २३ माझी आहे. ती वाचून मी मुलांच्या वर्गावर परत गेले. मंदिरातून बाहेर आलेल्या जखऱ्याला लोकांशी बोलता येईना, तो नुसता खुणा करत राहिला. तरी तो लगेच घरी गेला नाही. सेवेचे दिवस पुरे झाल्यावर गेला. उरलेले दिवस त्यानं मुक्यानंच आपली पाळी केली.

येत्या रविवारी माझ्या वर्गात हाच धडा आहे. जखऱ्या कोण होणार यावरून मुलांची आत्ताच भांडणं चाललीत. मी पाटी आणि खडू काढून ठेवलाय.