‘सिम्युलेटर म्हणजे नुसती नक्कल’? जरा थांबा

सध्या एक दावा बराच फिरतोय: क्वांटम सिम्युलेटरमध्ये (म्हणजे क्वांटम पदार्थ कसा वागतो ते पाहण्यासाठी नियंत्रणात ठेवलेल्या अणूंच्या मांडणीत) खरं अवस्थांतर, म्हणजे पाण्याची वाफ व्हावी तसा अवस्थेतला बदल, घडतच नाही, मूठभर अणूंत ते घडणं शक्यही नाही, आणि हे सगळं सुपरकॉम्प्युटर आधीपासूनच करतो.

पहिला घोटाळा शब्दाचा. वैमानिकाच्या सिम्युलेटरमध्ये विमान नसतं. इथे अणू मात्र खरे असतात. २००२ साली म्युनिकमध्ये मार्कुस ग्रायनर, इमॅन्युएल ब्लॉख आणि सहकाऱ्यांनी रुबिडियमचे अतिथंड अणू लेसरच्या जाळीत बसवले. लेसर मंद असताना अणू या खळग्यातून त्या खळग्यात मोकळे वावरत होते. जाळी बंद केली की व्यतिकरणाचे, म्हणजे अणूंच्या लहरी एकमेकींत मिसळल्याचे, ठळक ठिपके उमटत. लेसर प्रखर केला, खळगे खोल झाले, अणू जागच्या जागी अडकले आणि ठिपके विरून गेले. लेसर मंद केल्यावर ते परत आले! अतिप्रवाही (विनाअडथळा वाहणाऱ्या) अवस्थेतून मॉट इन्सुलेटरमध्ये, म्हणजे अणू परस्परांच्या ढकलण्यामुळे जागीच अडकलेल्या अवस्थेत, आणि उलट. इथे कुणी समीकरण सोडवलं नाही, पदार्थानेच अवस्था बदलली.

मूठभर अणूंचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. काटेकोर अवस्थांतर अनंत कणांच्या प्रणालीतच होतं. पण तसं पाहिलं तर चहाच्या आधणातले रेणूही अनंत नसतात. लहान प्रणालीत बदल बोथट होतो, तरी त्याची खूण उरते. २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटाने २५६ अणूंपर्यंतच्या मांडणीत बुद्धिबळाच्या पटासारखा क्रम घडवला. संक्रमणबिंदू (जिथे अवस्था बदलते ती सीमा) वेगवेगळ्या वेगांनी ओलांडून हा क्रम किती दूरवर पसरतो ते मोजलं, आणि त्यावरून काढलेला घातांक (संक्रमणबिंदूजवळ क्रमाचा पल्ला किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा आकडा) ०.६२ च्या आसपास आला. सिद्धांत ०.६३ सांगतो, शेजाऱ्यांचा फक्त सरासरी परिणाम धरणारं ढोबळ सरासरी-क्षेत्र गणित ०.५. दोघांत फरक करण्याइतकी ही मोजणी बारीक आहे.

सुपरकॉम्प्युटर? बोसॉनांच्या (एकाच अवस्थेत कितीही मावणाऱ्या कणांच्या) समतोल अवस्थेपुरतं खरं. २०१० मध्ये सुमारे तीन लाख अणूंचं मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुने घेऊन संगणकावर केलेलं) गणित प्रयोगाशी ताडून पाहिलं गेलं. सिम्युलेटरवर विश्वास ठेवायचा तो अशाच पडताळणीमुळे. फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे, एका अवस्थेत एकच मावणारे कण) आले की मात्र ऋणचिन्हांचा गोंधळ माजतो, म्हणजे गणितातली धन-ऋण पदं एकमेकांना खोडतात आणि उत्तर हाती लागत नाही, आणि काळानुसार बदलणारी प्रणाली तर संगणकाला लवकरच घाम फोडते.

टीकाच करायची तर तापमानावर करा. २०१७ मध्ये लिथियमच्या अणूंत, सुमारे ८० घरांच्या जाळीत, प्रतिलोहचुंबकीय क्रम (शेजारच्या अणूंचे चुंबकीय कल एकाआड एक उलट) दिसला. पण हबर्ड प्रतिमानात (जाळीत घरोघरी उड्या मारणाऱ्या आणि एकाच घरात आले की एकमेकांना ढकलणाऱ्या कणांच्या साध्या गणिती चित्रात) ज्या अतिसंवाहकतेच्या (रोधाविना वीज वाहण्याच्या) मागे सगळे लागलेत, ती त्याहून बऱ्याच थंड प्रदेशात अपेक्षित आहे, आणि अणू तितके थंड करणं त्या प्रयोगाला जमलं नव्हतं.