सौर गुंतवणुकीचा मुहूर्त कसा काढावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत आपली फाउंड्री असेल आणि शेडच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार मनात घोळत असेल, तर सर्वप्रथम सूर्याचा अभ्यास सोडून द्यावा. अंबाबाईच्या मूर्तीवर किरणे टाकायला, म्हणजे किरणोत्सवाला, तो नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस ठरल्या तारखांना हजर होतो. इतक्या नियमित ग्रहगोलाचा अभ्यास करून हाती काय लागणार? अभ्यासावे ते अधिसूचनांना.

घाई अजिबात करू नये आणि उशीर तर मुळीच करू नये. पहिल्या वर्षी 80 टक्के घसारा (म्हणजे किमतीचा तेवढा भाग करपात्र नफ्यातून वजा करण्याची सोय) मिळत होता, तेव्हा पॅनेल घेणारे दूरदर्शी ठरले. 1 एप्रिल 2017 पासून तो 40 टक्क्यांवर आला आणि मागाहून आलेले आळशी ठरले. वस्तू व सेवा कराने मात्र थांबणाऱ्यांना आधी दंड केला आणि मग त्यांचा सत्कार केला : पॅनेलवर ऑक्टोबर 2021 मध्ये 5 चे 12 टक्के झाले आणि सप्टेंबर 2025 मध्ये 12 चे पुन्हा 5. (कराची वजावट मिळते, असे आपले सी.ए. सांगतील, रक्कम आधी आपणच मोजायची असते, हे सांगायचे ते विसरतील.)

पॅनेल परदेशी घ्यावे, तर एप्रिल 2022 मध्ये त्यावर 40 टक्के सीमाशुल्क बसले. देशी घ्यावे, तर ते सरकारमान्य यादीत हवे. ही यादी 2023-24 हे अख्खे वर्ष बाजूला ठेवून 1 एप्रिल 2024 पासून पुन्हा लागू करण्यात आली. देशात कारखाने उभे राहावेत हा हेतू रास्तच आहे आणि ते उभे राहतही आहेत. त्याची वर्गणी आपल्या पत्र्यावरून गोळा होते, इतकेच.

खरे कौशल्य वीजबिलात लागते. वर्षानुवर्षे रात्री दहा ते सकाळी सहा वीज सवलतीत मिळे, म्हणून आपण भट्टी रात्री पेटवली, कामगारांच्या पाळ्या बदलल्या आणि त्यांच्या घरच्यांची बोलणी खाल्ली. मग 28 मार्च 2025 रोजी राज्य वीज नियामक आयोगाचा नवा दर आदेश आला, महावितरणच्या विनंतीवरून पाच दिवसांत तो स्थगित झाला आणि 25 जूनला फेरविचाराचा आदेश निघाला. त्यात सवलतीची वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी पाच अशी ठरली, म्हणजे आपले पॅनेल ज्या वेळी वीज तयार करते, नेमक्या त्याच वेळी महावितरणची वीजही स्वस्त झाली आणि आपण लाखो रुपये घालून दिवसातले सर्वांत स्वस्त युनिट वाचवू लागलो. अशा वेळी कामगारांना पुन्हा दिवसपाळीला बोलवावे, मात्र रात्रपाळीचे वेळापत्रक फाडू नये.

बँकेसाठी प्रकल्प अहवाल करताना पॅनेलचे आयुष्य 25 वर्षे, असे शाईने लिहावे आणि गुंतवणूक किती वर्षांत वसूल होईल, तो आकडा पेन्सिलीने.