डेस्कटॉप चालू झाला नाही की ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि दुकानदारांच्या ग्रुपवर थंडी पडली की एक मेसेज फिरायला लागतो. आशय असा: पाच वर्षांपेक्षा जुना डेस्कटॉप बटण दाबून चालू झाला नाही तर मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला समजा. आतला पंखा फिरत असेल तर एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) चांगला आहे. स्क्रीन काळी राहत असेल तर तो विंडोज १० बंद झाल्याचा परिणाम, विंडोज ११ टाकून घ्या. थंडीच्या सकाळी मशीन अडलं तर हेअर ड्रायरने गरम हवा मारा. एवढ्यावरही जमलं नाही तर भंगारात द्या, दुरुस्तीत पैसे घालू नका.

यातला एकही सल्ला धड नाही. हे दुरुस्तीचं काम रोज करतो, म्हणून गप्प बसवत नाही. मशीन भंगारात गेलं की त्याच्यासोबत हार्ड डिस्कही जाते, आणि तिच्यात दुकानाची टॅली, जीएसटीची बिलं, घरातल्या लग्नाचे फोटो असतात.

“बटण दाबून काहीच झालं नाही म्हणजे मदरबोर्ड गेला.” मदरबोर्डवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. सुरुवात भिंतीपासून करा. स्पाइक गार्डच्या त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एसएमपीएसच्या पाठीमागचं काळं बटण झाडूपोछा करताना बंद झालंय का ते पाहा. पॉवर कॉर्ड मागे पूर्ण आत बसली आहे का? वरून नीट दिसते, पण हलवली की कळतं.

हे सगळं ठीक असेल तर कॅबिनेटच्या बटणाकडे या. या बटणातून दोन बारीक वायरी निघतात आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर बसतात. बटण वर्षानुवर्षं दाबून आतून झिजतं किंवा अडकतं. ती वायर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. मशीन चालू झालं तर बिघाड फक्त बटणाचा. मग रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावायची, कारण दोन्ही बटणं आतून सारखीच असतात. खर्च काही नाही. कोणत्या पिना ते मदरबोर्डवर छापलेलं असतं. दिसलं नाही तर मॉडेलचं मॅन्युअल उघडा, अंदाजाने कुठल्याही पिना जोडू नका.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधल्या मशिनांचं वेगळं सांगायला हवं. तिथे कॉम्प्युटर लेथ नाहीतर व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरचलित मशीनच्या) शेजारीच ठेवलेला असतो. कूलंटचे बारीक थेंब हवेत उडतात, त्यात धूळ आणि लोखंडाचा कीस मिसळतो, आणि कॅबिनेट उघडलं की रॅमच्या स्लॉटभोवती काळपट, चिकट थर दिसतो. त्या थरापायी रॅमचा संपर्क सुटतो आणि मशीन मुकं होतं. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि रॅम काढा. तिचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्लॉट कोरड्या ब्रशने झाडा. रॅम परत बसवताना क्लिपांचा ‘टक’ आवाज यायलाच हवा. दोन रॅम असतील तर आधी एकच लावून बघा, मग दुसरी. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कीस वीजवाहक असतो, त्यामुळे अशा जागी कॅबिनेट जमिनीवर ठेवूच नये.

“पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस चांगला.” एसएमपीएस एकाच वेळी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो, आणि हे सगळे जागेवर आले की मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ हा सिग्नल पाठवतो. तो मिळाल्याशिवाय प्रोसेसर कामालाच लागत नाही. पंख्याला यातले फक्त १२ व्होल्ट लागतात, तेही कमी मिळाले तरी तो फिरतो. हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस चालू करून दाखवायची युक्ती तुम्ही पाहिली असेल. त्यातून तो पूर्ण मेलेला नाही एवढंच कळतं. लोड आल्यावर तो टिकतो का, ते कळत नाही. मशीन चालू असताना मल्टिमीटर लावा: पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. त्याहून सोपं म्हणजे खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा प्लगही तपासा, कारण तो निघाला असेल तर पंखे फिरतात आणि स्क्रीन मात्र काळीच राहते. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या गोल डबीवर) सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथे राहतो.

“काळी स्क्रीन हा विंडोज १० बंद झाल्याचा परिणाम.” मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला हे खरं. त्याचा अर्थ नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. त्यामुळे कुठलंही मशीन चालू व्हायचं थांबत नाही. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा सुरुवातीचा प्रोग्राम जागा होतो, तो रॅम आणि ग्राफिक्स तपासतो, मग डिस्क शोधतो, आणि विंडोजची पाळी त्यानंतर येते. कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल तर विंडोजचा काही संबंधच नाही. तरीही लोक फॉरमॅट मारून घेतात आणि असलेला डेटा घालवतात. त्याआधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन बहुधा जिवंत आहे आणि बिघाड डिस्प्लेच्या बाजूला आहे. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनची केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेली असते, हे तर सर्रास घडतं.

हेअर ड्रायरचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो कामाला आल्यासारखा दिसतो. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या दिवसांत अशी मशिनं खूप येतात: सकाळी चार वेळा बटण दाबावं लागतं, दुपारी एका दाबात चालू. थंडीने चांगलं मशीन बंद पडत नाही. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरमधलं द्रव्य वर्षांनुवर्षं उष्णतेने सुकत आलेलं असतं. थंडीत अशा कपॅसिटरची क्षमता आणखी घटते, आतला रोध वाढतो आणि सुरुवातीचा झटका त्याला पेलत नाही. गरम हवा मारली की तो तेवढ्यापुरता सावरतो. माणूस निर्धास्त होतो, बिघाड तसाच वाढत राहतो, आणि एक दिवस एसएमपीएस जाताना सोबत बोर्डही घेऊन जाऊ शकतो. सकाळी अडणं आणि दुपारी सुरळीत चालणं ही एसएमपीएस बदलायची सूचना आहे. बदलूनही तेच झालं तर प्रोसेसरभोवतीच्या गोल डब्या पाहा. माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा तपकिरी ओघळ दिसला तर तो कपॅसिटर गेला. चांगला कारागीर असे कपॅसिटर बदलून देतो, त्यासाठी अख्खा बोर्ड टाकावा लागत नाही.

तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल बदला. तेवढ्यासाठी फार विचार नको.

राहिलं भंगार. मदरबोर्ड खरोखर जळतोही. बोर्ड फार जुना असेल, त्याला जुळणारा दुसरा मिळत नसेल, तर नवीन मशीन घ्यावं, मी स्वतः तसं सांगतो. पण ते बटण, रॅम, एसएमपीएस एकेक तपासून झाल्यावर. बोर्ड गेला म्हणून डिस्क जात नाही: हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइली मिळतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लागेल, ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून ठेवा. टॅलीचा डेटा फोल्डर उघडून, मागच्या महिन्याची नोंद डोळ्यांनी पाहून, मगच रिकामी कॅबिनेट ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.