फिटचं औषध कुलपात ठेवू नका

कुत्र्याला फिट येत असतील तर व्हेट घरी ठेवायला औषध देतात. गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम, नाहीतर नाकात फवारायचं मिडाझोलाम. आणि मग घरोघरी ते अगदी 'जपून' ठेवलं जातं. कपाटाच्या आतल्या खणात, किल्ली एकाच्याच खिशात!

हे जपणं मला अजिबात पटत नाही. फिट 5 मिनिटांच्या पुढे गेली की ती आपोआप थांबण्याची आशा कमी होत जाते, अंग तापतं, मेंदूला इजा होऊ शकते. त्या 5 मिनिटांत किल्ली शोधत बसणार का? लहान मुलं असलेल्या घरात कुलूप हवंच, हे मान्य. मग नंबरचं लावा, आणि तो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असू दे.

दुसरी हौस म्हणजे सिरिंज आधीच भरून ठेवायची. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण डायझेपाम प्लास्टिकमध्ये शोषलं जातं. भरलेली सिरिंज बरेच दिवस पडून राहिली तर औषधाचा जोर कमी होतो, आणि बघून काहीच कळत नाही, कारण आतला द्रव होता तसाच दिसतो. म्हणून औषध मूळ काचेच्या बाटलीतच राहू द्या, तीही खोक्यात, कारण उजेडानेही ते खराब होतं. फ्रिज नको, शेगडीजवळची फळी नको, उन्हात उभी राहणारी गाडी तर नकोच.

त्याच डब्यात रिकामी सिरिंज, औषध ओढायची सुई, मऊ नळी आणि जेली ठेवा. (औषध देण्याआधी सुई काढायची असते. हसू नका, घाबरलेला माणूस काहीही विसरतो.) झाकणावर मार्करने ठळक लिहा: किती मिली. मिलिग्रॅम नव्हे, मिली! हात थरथरत असताना गणित कोणालाच जमत नाही. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे कुत्र्याचं वजन बदललं की व्हेटला विचारून तो आकडाही बदलायचा. बाटलीवरची एक्स्पायरीही तेव्हाच बघून घ्या.

फिट चालू असताना तोंडात गोळी, पाणी, बोट काहीही घालू नका. पहिल्या डोसनं थांबली नाही तर दुसरा किती वेळानं आणि जास्तीत जास्त किती वेळा, हे व्हेटकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद डब्यात ठेवा. एकजण औषध देत असताना दुसऱ्यानं दवाखान्यात फोन लावायचा.