चकाकी शत्रू नव्हे

मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय की चकचकीत वस्तूवरची प्रतिबिंबं वस्तू हलली की घसरतात, त्यामुळे आकाराचा अंदाज चुकतो. मला हे अर्धंच पटलं.

हलण्यातून आकार कळतो हे जुनंच. वॉलक आणि ओ'कॉनेल या मानसशास्त्रज्ञांनी 1953 मध्ये वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर दाखवली होती. स्थिर असताना सपाट रेघोट्या. तार फिरवली की लगेच त्रिमित आकृती! पण तिथे तारेचा प्रत्येक बिंदू तारेसोबतच फिरतो. खरखरीत, ठिपकेदार वस्तूचंही तसंच. चकाकीचा ठिपका मात्र वस्तूला बांधलेला नसतो. जिथे वळण तीव्र तिथे तो रेंगाळतो, सपाट भागावरून सर्रकन पळतो. म्हणजे त्याचा वेग हीच वळणाची खूण झाली की!

घरचा चमचा घ्या, दिव्याखाली सावकाश फिरवा. ठिपका कडेला कसा अडकतो ते बघा. मग दोन्ही डोळ्यांनी नीट निरखा: फुगीर पाठीवर चकाकी धातूच्या आत, मागे असल्यासारखी वाटते, तर खोलगट बाजूला ती पुढे तरंगते. (मी यात सकाळचा अर्धा तास घालवला, चहा गार.) ब्लेक आणि ब्यूल्टॉफ या संशोधकांनी 1990 मध्ये हाच फरक तपासला आणि मेंदू तो विचारात घेतो असं दाखवलं.

याउलट तीच प्रतिबिंबं वस्तूवर रंगवल्यासारखी चिकटवून फिरवली, तर चकाकी नाहीशी होऊन ती नुसती रंगवलेली वस्तू दिसते. लेखात हा मुद्दा यायला हवा होता.