कमलकाकू नेमक्या कुणाच्या?

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी. तुमचा आरोप असा, की माझ्या कादंबरीतल्या कमलकाकू म्हणजे सदाशिव पेठेत तुमच्या वाड्यात राहणाऱ्या एक बाईच, मी नुसतं नाव बदललं. आणि बसमध्ये, मंडईत माणसं टिपत हिंडून ती छापायची, ही शुद्ध उचलेगिरी.

उचललंय, हे खरंच. पण तुमच्या वाड्याचा उंबरा मी कधी ओलांडलेला नाही. फुले मंडईत एका बाईंनी मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस केली. शेवटी भाजीवालीच दमली. निघता निघता बाईंनी विचारलं, "धाकटीचं गणित सुटलं का गं?" बस, एवढंच. त्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. पण दोन रुपये न सोडणारी बाई दुसऱ्याच्या मुलीचं गणित लक्षात का ठेवते, हे काही डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर मंडईत मिळण्यासारखं नव्हतं, ते मला रचावं लागलं. काकूंची अर्धवट राहिलेली मॅट्रिक तिथून आली. चालणं सारसबागेत दिसणाऱ्या एका आजोबांचं (हो, आजोबांचं). 'असो' म्हणून बोलणं संपवायची खोड माझ्या आत्याची. आणि खोली हातची जाईल ही धास्ती माझी स्वतःची.

मग तुम्हाला त्या ओळखीच्या का वाटल्या? १९४७च्या भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. मालकांनी डागडुजी सोडली, भाडेकरूंनी खोली सोडली नाही. एक नळ, एक जिना आणि वर्षानुवर्षांची धुसफूस. अशा काकू पेठांत गल्लोगल्ली आहेत.

टॉलस्टॉयच्या शेजारच्या जमीनदाराकडे घर सांभाळणाऱ्या एका बाईने १८७२मध्ये रेल्वेखाली जीव दिला. तो स्वतः जाऊन तिचा मृतदेह बघून आला. 'अ‍ॅना कारेनिना'चा शेवट त्याला तिथे सापडला. पण त्याची अ‍ॅना उमरावाघरची, तिचं दुःखही निराळं.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मला खरोखर टोचला: त्या बाईंना वाईट वाटलं तर? १८४९मध्ये डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' महिन्याच्या महिन्याला भागाभागाने निघत होती. तिच्यातली ठेंगणी मिस माउचर वाचून त्याच्या एका शेजारणीने स्वतःला ओळखलं आणि दुखावून त्याला पत्र लिहिलं. ती बाई आपल्या डोळ्यांसमोर होती, हे डिकन्सने काही अंशी कबूल केलं आणि पुढे माउचरला चांगली करून टाकली. ती एका लबाड नोकराला पकडूनही देते. माणूस म्हणून त्याने योग्यच केलं. कादंबरीत मात्र ते ठिगळ दिसतं, असं माझं मत.

माझं पुस्तक छापून झालंय, त्यामुळे ती सोय नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर दारातला प्राजक्त काढून टाकीन, कारण तुमच्या वाड्यातही तो आहे म्हणता. मेथीची जुडी राहील.

आणि एक विचारायचं होतं. त्या बाईंनी स्वतः कादंबरी वाचलीय का? तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत ते कुठेच आलेलं नाही.