मध्यापासून चाळीस मीटर सरकारचं, तर आमचं खाचर कुणाचं?

मुळशी धरण भरायच्या आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड भरून वाहायला लागतो. यंदाही आला. 'पर्यटकांनो, आपले हक्क ओळखा' असं वर ठळक, आणि खाली मजकूर साधारण असा: रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंची चाळीस मीटर जागा सरकारची असते. जिथे कुंपण किंवा पाटी नाही ती जमीन सगळ्यांना खुली. गावकऱ्यांनी पार्किंगचे पैसे मागणं म्हणजे खंडणी, थेट पोलिसांत जा. आपण रोड टॅक्स भरतो. आणि दोन तास गाडी उभी राहिल्याने कुणाचं काय बिघडतं? शेवटी हात जोडलेली चित्रं.

मी राहतो पुण्यात कोथरूडला, पण सातबारा मुळशीतल्या पौडच्या पुढचा. दर रविवारी ज्याच्या बांधावर गाड्या चढतात, त्या घरातला मी आहे. म्हणून उत्तर देतो.

आधी ते चाळीस मीटर, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरतात. पहिल्या रेषेच्या आत मालकाने बांधकाम करायचं नाही, आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात परवानगी घेऊन करायचं. हे बंधन कुणावर? मालकावर. म्हणजे मालक आहे, हे त्या नियमाने आधीच मान्य केलं. माझ्या जमिनीवर मी घर बांधू शकत नाही, याचा अर्थ तुम्ही तिथे गाडी लावू शकता असा काढणं म्हणजे, शेजाऱ्याला डॉक्टरने गोड बंद केलं म्हणून त्याच्या घरातली बर्फी आपली समजण्यासारखं आहे.

शिवाय तो आकडा महामार्गाचा. आमच्या फाट्यावरून आत येणारा रस्ता त्या मापाचा नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यात डांबरी पट्टा ३.७५ मीटरचा आणि साइडपट्ट्या धरून सगळी रुंदी सपाट भागात साडेसात, डोंगराळ भागात सहा मीटर. फॉरवर्डवाल्यांच्या हिशेबाने मध्यापासून दोन्हीकडे चाळीस म्हणजे ऐंशी मीटर झाले. एवढ्यात आमची खाचरं, चुलत्यांची खाचरं आणि मारुतीचं देऊळ, सगळंच सरकारजमा होतं.

मग सरकारचं नेमकं किती? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते शासनाचे, जिथे कुणाचा मालकी हक्क नाही तिथे. रस्ता किती रुंद हे गावनकाशा आणि मोजणी सांगते, गाडीच्या काचेतून ते दिसत नाही. जुन्या नकाशावर गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. साडेसोळा का, तर मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, त्याची ही निम्मी.  मापं फुटाफुटाची आहेत, तुम्ही मात्र चाळीस मीटरचा घास घेता. त्यातही गंमत अशी की आमच्या गटातून रस्ता गेला तेव्हा आजोबांनी तोंडी हो म्हटलं. भूसंपादन नाही, मोबदला नाही, सातबाऱ्यावरचं क्षेत्र अजून तेवढंच. अशी कितीतरी घरं मावळ-मुळशीत सापडतील.

आणि मोबदला न देता रस्ता केला म्हणून जमीन सरकारची होते, असंही नाही. हिमाचलमधल्या हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ साली विद्यादेवी नावाच्या बाईंच्या जमिनीतून सरकारने संपादन न करताच रस्ता काढला. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी निकाल दिला, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. इतकी वर्षं ताबा आहे म्हणून जमीन आमची, हा राज्याचा दावा न्यायालयाने फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला. आधार संविधानाच्या कलम ३००-अ चा: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. जे सरकारला जमलं नाही, ते वर्षाविहाराला निघालेल्या मंडळींना कसं जमेल?

कुंपणाचा मुद्दा शहरी डोक्यातून आलाय. भातखाचराला कुंपण घालत नाहीत, कारण वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरायला हवं, आणि पीक निघालं की गुरं सोडायची असतात. आमची हद्द बांधाने, वरवंब्याने आणि पुरलेल्या दगडाने कळते. दुसऱ्याच्या जागेत शिरण्याच्या गुन्ह्याचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३२९, त्यात कुंपण किंवा पाटीची अट कुठेही नाही. पण खरं सांगायचं तर त्यात उद्देशाची अट आहे: गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्याने शिरणं. चुकून बांधावर गाडी चढवणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही, आणि आमच्याकडचे काही जण 'आत टाकतो' म्हणून दमदाटी करतात ती पोकळ आहे. 'दादा, गाडी काढा' म्हटल्यावर मुद्दाम काच वर करून घेणाऱ्याचं प्रकरण मात्र वेगळं होऊ शकतं. 'दरवर्षी इथेच लावतो' हाही हक्क नाही. वहिवाटीचा हक्क मिळायला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांचा अखंड वापर लागतो, तोही हक्क म्हणून केलेला. एका पावसाळी रविवारचा नव्हे.

खंडणीबद्दल अर्धं बरोबर, अर्धं चूक. सरकारी रस्त्याच्या कडेला दोरी बांधून पोरं पैसे घेत असतील, तर तो अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही. तुम्ही देऊ नका, मीही गावात हेच सांगतो. चाकातली हवा सोडणं तर सरळ नुकसानीचा गुन्हा. पण आपल्या मालकीच्या माळावर गाडी लावू देऊन पैसे मागणं म्हणजे खंडणी नाही. खंडणीला धाक लागतो. इथे तुम्ही नको म्हणून पुढे जाऊ शकता. शेतजमिनीवर कायमचं पार्किंग थाटलं तर अकृषिक वापराचा प्रश्न येतो, तो जमीनमालक आणि तहसीलदार बघून घेतील.

रोड टॅक्सवर फार शाई घालवत नाही. तोच टॅक्स भरून पुण्यात सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या रस्त्यावर पी-वनच्या दिवशी पी-टूच्या बाजूला गाडी लावून दाखवा.

आता 'दोन तासांनी काय बिघडतं'. लावणी चालू असताना आमच्याकडे इर्जिक असते. आज आमच्या खाचरात दहा-बारा माणसं, उद्या आमची माणसं दुसऱ्याच्या. पॉवर टिलर आत उतरायला एकच उतार, गाडीच्या रुंदीएवढा. दोन वर्षांपूर्वी बरोबर त्याच उतारावर एक पांढरी गाडी. मालक धबधब्याकडे. आम्ही हॉर्न वाजवला, हाका मारल्या. अडीच तास माणसं बांधावर बसून चहा पीत राहिली, मुठी काढून ठेवलेली रोपं वाऱ्याला सुकत राहिली. साहेब आले ते हसत. 'काका, दहा मिनिटांसाठीच लावली होती.' आमच्या घरातले आप्पा काही बोलले नाहीत. ते असं करतात तेव्हा मला जास्त लागतं.

शेतवाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. पण रविवार दुपारच्या एका गाडीसाठी सोमवारी पौडला खेटे कोण घालणार?

बांधाचं वेगळंच. भिजलेल्या बांधावर चाक चढलं की तो खचतो, रात्रीत पाणी निघून जातं आणि सकाळी वरचं खाचर कोरडं, खालचं तुडुंब. लावणारे सगळे अनवाणी. चिखलात फुटक्या बाटलीची काच दिसत नाही, ती पायालाच सापडते. काकूच्या तळव्याला पाच टाके पडले होते.

डांबरावर दोन चाकं ठेवून लावलीत तरी गणित सोपं आहे. पावणेचार मीटरच्या पट्ट्यात गाडीने एक मीटर खाल्ला, उरले पावणेतीन. एसटीची रुंदी आरसे धरून अडीच मीटरच्या वर जाते, आणि समोरच्या कडेलाही कुणीतरी तसाच लावलेला असतो. मग एसटी फाट्यावरूनच परत फिरते आणि बाजाराची पिशवी डोक्यावर घेऊन म्हाताऱ्या तीन किलोमीटर चालत येतात. अशा अडथळ्यासाठी न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजारांपर्यंत दंड आहे. वळणाजवळ किंवा कुणाच्या आवाराच्या तोंडावर गाडी लावायला २०१७ च्या वाहनचालन नियमावलीतच मनाई आहे. हे फॉरवर्डमध्ये कुणी घालत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं, तर सी विंगमधल्या एकांनी विचारलं, 'मग लावायची कुठे, ते सांगा.' प्रश्न रास्त आहे. फाट्याच्या अलीकडे चुलत्यांचा मुरमाड माळ आहे, तिथे काही पिकत नाही. पन्नास रुपये. पावती मिळत नाही, पण काकू गाडीचा नंबर वहीत लिहून ठेवते, आणि परत येईपर्यंत तुमच्या गाडीवर तिचं लक्ष असतं.